जुन्या बास गिटारवरच्या फ्लॅटवाउंड तारा: ओळखायच्या कशा आणि ठेवायच्या की काढायच्या?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. मामाची जुनी बास गिटार माझ्याकडे आली आहे. चार तारांची, ३४ इंची स्केल (म्हणजे तारेची वाजणारी लांबी). बरीच वर्षं पेटीत पडून होती, पण मान सरळ आहे आणि आवाज येतो. प्रश्न गिटारचा नाही, तिच्यावरच्या तारांचा आहे.

तारा गुळगुळीत आहेत. आजवर मी ज्या तारांवर वाजवलं त्या खरखरीत होत्या, या बोटाखाली काचेसारख्या सरकतात. जी, डी आणि ए या तिघींच्या खुंटीकडच्या टोकाला विटलेला लाल धागा आहे, ई तारेला निळा. पेटीच्या खणात कागदाचं एक पिवळं पडलेलं पाकीट मिळालं, त्यात एक सुटी तार गुंडाळून ठेवली आहे. पाकिटावरचं कंपनीचं नाव फाटून गेलंय. खाली 'बॅटल क्रीक, मिशिगन' आणि पाच आकडी नंबर तेवढा वाचता येतो.

मामाला विचारलं तर म्हणाला, "तारा आहेत, वाजतात, आणखी काय हवंय?"

मला हवंय ते असं: या तारा कोणत्या, किती जुन्या, आणि वाजवायच्या की जपून ठेवायच्या?

ठेका

काढून टाका. जुन्या तारा म्हणजे मेलेल्या तारा. नवा संच लावा आणि वाजवायला बसा. धागा संपला. :)

खर्जवाला

ठेकाराव, राउंडवाउंडबद्दल, म्हणजे गोल तारेच्या वेढ्यांच्या खरखरीत तारांबद्दल बोलत असाल तर मान्य. तिथे वेढ्यांच्या खाचांत घाम आणि मळ बसतो आणि काही आठवड्यांत तार बसकी होते. फ्लॅट्सचं, म्हणजे गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारांचं गणित वेगळं आहे. नव्या फ्लॅट्स सुरुवातीला थोड्या पत्र्यासारख्या वाजतात. तो कर्कशपणा जायला वेळ लागतो आणि मग जो आवाज उरतो तो वर्षानुवर्षं टिकतो. लोक त्यासाठीच थांबतात.

बासवादक जेम्स जेमर्सनचं उदाहरण सगळे देतात, मीही देतो. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत त्याने वाजवलेला १९६२ चा फेंडर प्रिसिजन बास, त्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅट्स, ०.०५२ ते ०.११० इंच जाडीच्या. तुटल्याशिवाय तो तार बदलत नसे. ब्रिजच्या (गिटारच्या अंगावर तारा अडकवतात त्या भागाच्या) झाकणाखाली फोम आणि उजव्या हाताचं एकच बोट. त्या आवाजाला कोणी 'मेलेला' म्हणून दाखवावं.

ठेका

जेमर्सन जेमर्सन होता. आपण नाही.

जाडतार

दोघेही थांबा, आधी तारा फ्लॅटच आहेत का ते तर ठरू दे. गुळगुळीत लागली की फ्लॅट असं नसतं.

मंद्रसप्तक, नख तारेवर उभं धरून लांबीच्या दिशेने ओढा. राउंडवाउंडवर 'खर्र' असा मोठा आवाज येतो. फ्लॅटवाउंडवर जेमतेम सुस्कारा. मधला काहीतरी आवाज आला तर हाफवाउंड किंवा ग्राउंडवाउंड असण्याची शक्यता आहे. त्या तारेत गोल तारच गुंडाळतात आणि मग वरून घासून सपाट करतात.

नंतर भिंग घ्या. फ्लॅटमध्ये सर्वांत वरचा वेढा चपट्या पट्टीचा असतो, पट्टीची कड पट्टीला भिडते, म्हणून एकामागून एक बारीक रेषा दिसतात, जणू अंगठ्या खेटून लावल्या आहेत. ग्राउंडवाउंडमध्ये सपाट माथा आणि दोन माथ्यांमध्ये 'व्ही'सारखी खाच दिसते. काळी, प्लॅस्टिकसारखी दिसत असेल तर ती टेपवाउंड, म्हणजे वर नायलॉनची पट्टी. तुमची ती नाही हे वर्णनावरूनच कळतंय.

आणि लोहचुंबक लावून धातू ओळखायचा सल्ला कोणी दिला तर मान डोलवा आणि विसरून जा. आतला गाभा पोलादाचाच असतो. बाहेर निकेल असो, स्टेनलेस असो, चुंबक चिकटणारच.

मंद्रसप्तक

भिंगाखाली अंगठ्याच अंगठ्या दिसल्या, चारही तारांवर. पाकिटातली सुटी तारही तशीच. म्हणजे फ्लॅट्स.

एक गंमत दिसली. जी, डी, ए या तिघींवर किंचित पिवळसर झाक आहे, जुन्या नाण्यासारखी. ई मात्र पांढरट, निळसर चमकते. आधी वाटलं खिडकीतल्या उजेडामुळे, म्हणून जागा बदलून पाहिलं. तरी तसंच.

जाडतार

पिवळसर ऊबदार झाक म्हणजे बहुधा निकेल. थंड, निळसर पांढरी म्हणजे स्टेनलेस. तिसरा प्रकार मोनेल, म्हणजे साधारण दोन तृतीयांश निकेल आणि बाकी बहुतेक तांबं. ती जरा राखाडी दिसते. रोटोसाउंड कंपनीच्या ७७ मालिकेच्या फ्लॅट्स मोनेलच्या. रंग हा पुरावा नाही, संशय आहे. पण तुमचा संशय चांगला आहे. ई त्या घरची नाही.

सूतउवाच

लाल धागा म्हणजे रोटोसाउंड! इतकं सरळ आहे. धाग्यावरून धागा सुटला. ;)

खर्जवाला

सूतउवाच, कोटी आवडली पण निदान पटलं नाही. रोटोसाउंडचा लाल धागा प्रसिद्ध आहे खरा, पण थॉमास्टिक कंपनीच्या जॅझ फ्लॅट्सवरही लालच असतो. या रेशमी धाग्यावरून कंपनी ओळखणं म्हणजे फेट्यावरून गाव ओळखण्यासारखं. कधी जमतं, कधी फजिती.

धाग्याचा खरा उपयोग दुसरा आहे. तो कुठे सुरू होतो ते पाहायचं. नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ओलांडल्यावर, नट आणि खुंटीच्या मध्ये तो सुरू व्हायला हवा. धागा नटाच्या आत, फ्रेटबोर्डवर आला तर तार तुमच्या स्केलला आखूड आहे. उलट धागा खूप पुढे आणि पूर्ण जाडीची तारच खुंटीवर गुंडाळली गेली असेल तर तार लांब आहे, आणि फ्लॅटची पट्टी अशा आवळ वळणावर उकलते किंवा तुटते. सुट्या तारेची ब्रिजकडच्या टोकाच्या कडीपासून धाग्यापर्यंतची लांबी मोजून ठेवा. हॉफनरच्या व्हायोलिन बासची स्केल ३० इंच, गिब्सनच्या जुन्या ईबी बासची ३०.५, फेंडर प्रिसिजनची ३४. एकाची तार दुसऱ्यावर लावायला गेलं की हा घोळ होतो.

वर्निअर

इतका वेळ गप्प होतो, कारण माझं म्हणणं एका ओळीचं आहे: मोजा.

साधा वर्निअर कॅलिपर पुरे. ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारा असला की झालं, कारण तारांचे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात आणि एक हजारावा भाग म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर. प्रत्येक तार दोन दिशांनी मोजा, एकदा आडवी, एकदा उभी. फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) मोजू नका. तिथे तार खालून चपटी झालेली असते. शेवटचा फ्रेट आणि पिकअपच्या (तारांखालच्या चुंबकी भागाच्या) मधे मोजा.

मंद्रसप्तक

आधी (सवयीने) पाचव्या फ्रेटजवळ मोजलं तर जी १.०६ आली आणि दुसऱ्या दिशेने १.१०. मग वर्निअरदादांचं वाचून पुन्हा मोजलं. मिलिमीटरमध्ये:

जी १.१०
डी १.४२
ए १.७८
ई २.६६
पाकिटातली सुटी २.५४

सुट्या तारेचा धागा लाल आहे. झाक पिवळसर. हे मी आधी लिहायला हवं होतं, पण पाकिटातून तार बाहेर काढायचं धाडस आजच केलं.

वर्निअर

अहो, हे तर कोडं सुटलंच की.

१.१०, १.४२, १.७८, २.५४ म्हणजे इंचात ०.०४३, ०.०५६, ०.०७० आणि ०.१००. हा व्हिएन्नाच्या थॉमास्टिक-इनफेल्डचा जॅझ फ्लॅट्स संच, जेएफ३४४. असा आकड्यांचा क्रम विरळा. ०.०४५ पासून सुरू होऊन ०.१०० किंवा ०.१०५ ला संपणारे संच ढिगाने आहेत: डॅडारियो क्रोम्स ०.०४५-०.०६५-०.०८०-०.१००, जीएचएस प्रिसिजन फ्लॅट्स ०.०४५-०.०६५-०.०८५-०.१०५, फेंडरचे ९०५०. पण मधल्या दोन तारा ०.०५६ आणि ०.०७०, म्हणजे एवढ्या बारीक, असं सहसा दिसत नाही.

तुमच्या गिटारवरची ई मात्र २.६६, म्हणजे ०.१०५. स्टेनलेस, १०५. ही कुणाचीही असू शकते. तिच्या मागे लागू नका.

सुटी तार हीच मूळ ई. मामांनी ती काढून दुसरी लावली, आणि जुनी हाताशी होतं त्या पाकिटात घातली.

सूतउवाच

:डोक्यावर हात: म्हणजे पाकिटाचा आणि तारेचा संबंधच नाही?

जुनापुराणा

पाकिटावर मला बोलू द्या, कागद हा माझा विषय. (जाता जाता, तार कुठलीही असो, पाकीट फेकू नका.)

पाकीट पाकिटाचं वय सांगतं, आतल्या तारेचं नाही. पण वय सांगतं ते पक्कं. पाच आकडी झिप कोड अमेरिकेत १९६३ मध्ये आला. त्याआधी मोठ्या शहरांत नावापुढे नुसता एक-दोन आकडी विभाग असायचा. म्हणजे तुमचं पाकीट १९६३ किंवा त्यानंतरचं. बारकोड आहे का बघा. दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला १९७४ मध्ये. नसेल तर त्यावरून काही सिद्ध होत नाही, असेल तर मात्र पाकीट त्यानंतरचंच. जर्मन पाकिटांवर 'पश्चिम जर्मनी' लिहिलेलं असेल तर ते १९९० च्या आधीचं, आणि तिथला पोस्टाचा नंबर पाच आकडी असेल तर १९९३ च्या नंतरचं, त्याआधी चारच आकडे होते. फेंडरच्या पाकिटावर सीबीएसचं (फेंडरच्या तेव्हाच्या मालक कंपनीचं) नाव असेल तर १९६५ ते १९८५ मधलं.

बॅटल क्रीक या नावाने फसू नका. व्ही. सी. स्क्वायर ही तारा बनवणारी कंपनी तिथलीच. ती फेंडरला तारा पुरवायची आणि १९६५ मध्ये फेंडरने ती विकतच घेतली. जीएचएसही त्याच गावातली. एका गावात दोन तारवाले, त्यामुळे फाटक्या पाकिटावरून नाव सांगणं कठीण.

मंद्रसप्तक

बारकोड नाही. जुनापुराणाजी, हे सगळं कळल्यावर त्या पाकिटाकडे पाहण्याची माझी नजरच बदलली. आधी मी त्यावर चहाचा कप ठेवणार होतो.

मग तारांचं वय काय धरायचं?

वर्निअर

जाडीवरून वय कळत नाही. हा संच अजूनही याच आकड्यांत मिळतो. मामांना वर्ष विचारा.

मंद्रसप्तक

विचारलं. वर्ष आठवत नाही म्हणाला. "लावल्यापासून काढल्या नाहीत, फक्त ई बदलली होती." का बदलली, असं विचारेपर्यंत फोन मामीकडे गेला.

नवशिकी_बास

मी इथे नवीन आहे, चुकीचा प्रश्न असेल तर सांगा. माझ्या दादाने जुन्या तारा पाण्यात उकळून पुन्हा चकचकीत केल्या होत्या. मंद्रसप्तकदादांनी तसं करावं का?

जाडतार

चुकीचा प्रश्न अजिबात नाही, पण उत्तर ठाम 'नाही'. तुमच्या दादाच्या तारा राउंडवाउंड असणार. तिथे खाचेतला मळ सुटतो आणि काही दिवस आवाज खुलतो. फ्लॅटमध्ये गाभ्यावर एक किंवा जास्त थर गोल तारेचे आणि वर पट्टी. पट्ट्यांच्या फटीतून पाणी आत गेलं की ते लवकर बाहेर येत नाही. आत पोलाद आहे. पुढचं सांगायला नको. शिवाय धाग्याचा रंग सुटतो आणि धागा ढिला होतो.

मुळात आपल्याला आवाज खुलवायचा नाहीच आहे. तंबोऱ्याची जवारी उघडायला जाणं वेगळं. इथे जवारी बंद झालेलीच आपल्याला हवी आहे.

नवशिकी_बास

मग स्वच्छ कशा करायच्या?

जाडतार

कोरडं सुती फडकं, तार बोटांत धरून वरून खाली. चिकट असेल तर फडक्याला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही धाग्यापासून लांब. आणि फ्रेटबोर्डवर आडवा पुठ्ठा ठेवून. जुन्या गिटारवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असेल तर अल्कोहोलने तो मऊ पडतो. लाखेचा पॉलिश तर विरघळतोच. तेल लावू नका. तेल फटीत जाऊन बसतं आणि धूळ धरून ठेवतं.

खर्जवाला

आता लावायचं. दोन-तीन गोष्टी अनुभवातून.

एकदम चारही तारा काढू नका. मानेवरचा सगळा ताण एका झटक्यात गेला की मान हलते आणि मग जुळवाजुळव दुप्पट. एक काढा, पुसा, लावा, मग दुसरी.

काढलेली तार कापू नका. मोठं वेटोळं करा, निदान दोन वितींचं. लहान गुंडाळीत पट्टी उकलते. आणि नवी तार कापायची वेळ आली तर आधी खुंटीच्या मापाने काटकोनात मोडून घ्या, मगच मोडलेल्या भागाच्या पुढे कापा. गोल गाभा असेल तर न मोडता कापल्यावर वरचे वेढे गाभ्यावरून सैल फिरतात आणि तारेचा आवाज कायमचा बसतो. ही चूक मी एकदाच केली, नवीकोरी तार होती.

तार गिटारच्या अंगातून मागून ओवायची सोय असली तरी फ्लॅट्स ब्रिजवरूनच लावा. मागून आल्यावर सॅडलवर (ब्रिजवरच्या तार टेकते त्या तुकड्यावर) पडणारं तीव्र वळण पट्टीला सोसत नाही.

जुनी तार पुन्हा लावताना जुना वाक जिथे होता तिथेच बसू द्या. मग दोन अर्धस्वर खाली लावून रात्रभर ठेवा. त्याने ताण सुमारे २१ टक्के कमी राहतो. एकेका अर्धस्वराने तो १२ टक्के वाढतो, म्हणून शेवटचे दोन टप्पे सावकाश. खुंटी पिळताना तोंड तारेवर धरू नका.

ठेका

एवढ्या कसरतीपेक्षा नवा संच स्वस्त पडेल, हे मी नोंदवून ठेवतो. आणि एक विचारतो. मूळ ई बारीक आणि ढिली, सध्याची जाड आणि ताठ. सध्याची काढून बारीक लावायची कशासाठी? संच पूर्ण व्हावा म्हणून? हे तिकिटं जमवण्यासारखं झालं.

वर्निअर

प्रश्न रास्त आहे. एक दुरुस्ती: नुसत्या जाडीवरून ताण काढू नका. निकेलची घनता ८.९, स्टेनलेसची ७.७ च्या आसपास, म्हणजे सारख्या जाडीची निकेलची पट्टी जड. आत गाभा केवढा आणि थर किती, यावर सगळं ठरतं. जॅझ फ्लॅट्स लवचीक म्हणून प्रसिद्ध आहेत, हे मात्र खरं.

संच पूर्ण करण्याचं कारण आवाज. ए वरून ई वर गेलं की धातू बदलतो आणि स्वराचा रंगही. मंद्रसप्तक, तुम्हाला तो फरक ऐकू येतो का?

मंद्रसप्तक

येतो. ई ठोकल्यासारखी वाजते, बाकीच्या तिघी गुणगुणतात. म्हणूनच विचारात पडलो.

खर्जवाला

ठेकारावांच्या बाजूने एक मुद्दा माझ्याकडूनच. फ्लॅट्स म्हणजे मऊ आणि मंद असंही समजू नये. स्टीव्ह हॅरिस आयर्न मेडन या हेवी मेटल बँडमध्ये सबंध कारकीर्द फ्लॅट्सवर वाजवतो आहे, त्याच्या नावाचा रोटोसाउंड संच ०.०५० ते ०.११० आहे, आणि त्याचा बास दोन-तीन गिटारांच्या गदारोळातूनही टकटक ऐकू येतो. बासवादक कॅरल के फ्लॅट्सवरच पिकने वाजवायची, वर फेल्टचा तुकडा ठेवून. एकाच प्रकारच्या तारा, दोन टोकांचे आवाज. हातावर असतं बरंच.

राउंडवाउंडचा चकचकीत आवाज आला तोच मुळी १९६६ मध्ये, 'द हू' बँडचा बासवादक जॉन एन्टविसल रोटोसाउंडबरोबर तारा घडवायला बसला तेव्हा. त्याआधीच्या रेकॉर्डवर इलेक्ट्रिक बास ऐकू आला की बहुतेक वेळा तो फ्लॅट्सचाच. १९५१ मध्ये पहिला प्रिसिजन निघाला तेव्हा तोही सपाट तारा घेऊनच आला.

सूतउवाच

अवांतर: फ्रेटलेसवर, म्हणजे फ्रेट नसलेल्या बासवर?

खर्जवाला

फ्लॅट्स फ्रेटलेसच्या लाकडाला माया करतात, ओरखडत नाहीत. बासवादक जॅको पास्टोरियस राउंडवाउंड लावायचा म्हणून त्याला फ्रेटबोर्डवर इपॉक्सीचा थर द्यावा लागला. एवढं पुरे, धागा भरकटेल.

मंद्रसप्तक

मंडळी, वृत्तांत.

काल सुटी ई पुसली. कडीजवळ तपकिरी भुकटी नाही, पट्टी कुठे उकललेली नाही. लावली. रात्री दोन अर्धस्वर खाली, आज सकाळी वर आणली. धागा नटाच्या पुढे बरोबर जागेवर.

आवाज! चारही तारा एका घरातल्या वाटतात. ए वरून ई वर उतरलं की पायरी लागत नाही. ब्रिजजवळ तारांखाली फोमची पट्टी ठेवून पाहिली तर स्वर लवकर थांबतो आणि लय स्वच्छ दिसते.

दोन अडचणी. एक, ई आता पहिल्या चार फ्रेट्सवर खडखडते. दोन, डी तार नवव्या फ्रेटच्या वर बेसूर लागते. ट्यूनर लावून बाराव्या फ्रेटवर सॅडल हलवून जुळवली, तर पाचव्या आणि सातव्यावर बिघडते.

जाडतार

पहिलं सोपं. ताण कमी झाला, मान थोडी सरळ झाली, वाक गेला. ट्रस रॉड (मानेचा वाक ठरवणारी आतली सळई) थोडा सैल करा, पाव फेऱ्याहून कमी, आणि तासभर थांबून पाहा. नटाची खाच जाड तारेची आहे, २.५४ तिथे थोडी सैल बसेल, पण ०.१२ मिलिमीटरने बिघडत नाही. काहीही झालं तरी जुन्या गिटारचा नट घासू नका.

डीचं मला बरं दिसत नाही. ती छेडा आणि उजेडाकडे धरून पाहा. चांगली तार हलताना दोन्ही कडा गुळगुळीत असलेला चातीसारखा फुगवटा दिसतो. सदोष तारेला कडा दोन-दोन दिसतात, किंवा फुगवटा डगमगतो.

वर्निअर

आधी एक करून बघा. डी पूर्ण सैल करा, खुंटीतून काढा आणि हातात लोंबकळू द्या. कधी कधी तार लावताना तिला पीळ पडलेला असतो, आणि पीळ पडलेली तार सुरात लागत नाही. पीळ आपोआप सुटला तर पुन्हा सरळ लावा.

मंद्रसप्तक

डी हातात धरली तर अर्धा फेरा आपोआप फिरली. म्हणजे पीळ होता. पुन्हा लावल्यावर सातव्यापर्यंत सुरात, नवव्यावर बरी, बाराव्याच्या वर अजूनही किंचित चढी. खालून नख फिरवलं तर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या जागी खळगे लागतात. मामाचा आवडता सूर कोणता होता ते कळलं.

जाडतार

मग ती झिजली. वजन सगळीकडे सारखं नाही, सॅडलने ते भरून निघणार नाही. बाराव्याच्या वर किती जाता तुम्ही?

मंद्रसप्तक

जवळजवळ कधीच नाही.

जाडतार

मग राहू द्या.

नवशिकी_बास

वाखुसा (वाचनखूण साठवली). या एका धाग्यावर इतकं शिकायला मिळालं. दादाला उकळायच्या आधी वाचायला दिला असता तर बरं झालं असतं.

ठेका

मंद्रसप्तक, ट्रस रॉडनंतर खडखड गेली का? आणि अजून नवा संच घ्यायचा नाही, ना?

मंद्रसप्तक

खडखड गेली. संच घ्यायचा नाही.

पण ऐका. रविवारी मामा आला. गिटार मांडीवर घेतली, काही न बोलता दोन-तीन मिनिटं वाजवली. हात आता थरथरतात, पण उजवं बोट अजून हातोडीसारखं पडतं. मी वाट पाहत होतो, ओळखतो का ते. ई वर आला, चार-पाच वेळा जोरात छेडली आणि थांबला.

म्हणाला, "ही ढिली लागतेय. थुलथुलीत. म्हणून तर बदलली होती."

आता २.६६ वाली पुन्हा लावतोय. ट्रस रॉडची चावी काल कुठे ठेवली ते आठवत नाहीये.